हिवाळ्यात लाकूडफोडीचे इंजिन सुरू करताना



लाकूड फोडायचे यंत्र थंडीत अडते तेव्हा दोष बहुधा पाचरीचा किंवा हायड्रॉलिक सिलिंडरचा नसतो, त्यांना चालवणाऱ्या इंजिनाचा असतो. यवतमाळ जिल्ह्यात असे यंत्र विजेच्या मोटारीवर, ट्रॅक्टरवर किंवा जुन्या पाच अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनवर चालवता येते. शेतीची वीज पाळीने येते आणि हिवाळ्यात ती आधी हरभऱ्याच्या, गव्हाच्या ओलिताला लागते. ट्रॅक्टर कापूस जिनिंगला नेण्यात गुंतलेला असतो. विहिरीवर मोटार बसल्यापासून गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले हातहँडलचे इंजिन मात्र मोकळे असते. जळतनाची गरजही नेमकी याच दिवसांत वाढते. घरोघरी बंब पेटतो, शेकोट्या लागतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर आचाऱ्यांच्या भट्ट्यांना फोडलेले लाकूड बंड्या भरभरून लागते.

जिल्हा तसा उन्हाचा. तरी डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटे पारा १० अंशांच्या खाली येतो. जिथे तापमान शून्याच्या खाली २० अंश जाते, तिथल्या लोकांकडे त्यासाठीची तेले, हीटर आणि सवय असते. इथे ८-९ अंशांची थंडी वर्षातून थोडेच दिवस पडते, म्हणून तिची तयारी कोणी करत नाही. उन्हाळ्यात पहिल्या फेऱ्याला फुटणारे इंजिन जानेवारीत अर्धा तास दाद देत नाही आणि माणूस हँडल जास्त जोराने मारू लागतो. मनगटे मोडतात ती अशाच वेळी. इंजिनला कमी काय पडते आहे हे आधी कळले, तर बहुतेक वेळा एवढ्या जोराची गरजच पडत नाही.

कमी पडते ती उष्णता. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आपले इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: हवा इतकी दाबायची की ती दाबल्यानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे एव्ही-१ हे इंजिन उदाहरणाला घेता येते. ८० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, ११० मिलिमीटरची धाव, मिनिटाला १५०० फेरे आणि हवा साडेसोळा पट दाबण्याची रचना. बाहेरची हवा ३० अंशांची असेल, तर इंजिन वेगात फिरत असताना दाबाच्या टोकाला ती हिशेबाने ५३० अंशांच्या आसपास जाते. तीच हवा ८ अंशांची असेल, तर आकडा ४७५ पर्यंतच पोचतो. बाहेरची २२ अंशांची घट आत जवळजवळ ६० अंशांची होते.

हा हिशेब वेगात फिरणाऱ्या इंजिनाचा आहे. हाताने फिरवताना वेग फार कमी असतो. दाबलेली हवा तेवढ्या वेळात थंडगार लोखंडाला आपली उष्णता देऊन मोकळी होते, आणि झिजलेल्या रिंगांतून किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा निसटते. तापमान मग आणखी पुष्कळ खाली येते. डिझेल आत पडते, वाफाळते, पण पेटत नाही. म्हणजे उपाय तीनच दिशांना शोधायचे: लोखंड कोमट करणे, हवा निसटू न देणे आणि फेऱ्यांचा वेग वाढवणे. बाकी सगळी खटपट या तिन्हींपैकी एकाला मदत करते, किंवा ती फुकट असते.

वेग अडवते ते तेल. क्रँकपेटीत एकेरी ४० नंबरचे तेल असेल तर थंडीत ते काकवीसारखे जड होते आणि हँडल फिरवणाऱ्याचा निम्मा जोर ते ढवळण्यातच जातो. १५डब्ल्यू-४० तेल तापल्यावर तेवढेच दाट असते, पण थंडीत बरेच पातळ राहते; त्यातले 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचेच आहे. इंजिनच्या पुस्तिकेत चालत असेल तर दिवाळीनंतरच्या तेलबदलाला हेच तेल भरावे. काळेभोर, दोन हंगाम वापरलेले तेल थंडीत सर्वांत वाईट.

डिझेलकडे तर कोणी बघतच नाही. पंपावर मिळणारे डिझेल वर्षभर एकसारखे नसते. भारतीय मानक १४६० मध्ये गाळणी तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश दिलेली आहे. त्या तापमानाला डिझेलमधल्या मेणाचे कण इतके जमतात की बारीक गाळणीतून डिझेल पुढे सरकत नाही. प्रत्यक्ष डिझेल या मर्यादेपेक्षा चांगले असू शकते, पण मे महिन्यात भरून ठेवलेली कॅन जानेवारीतल्या ८ अंशांच्या पहाटे इंजिनात ओतली, तर गाळणी चोंदणे अगदी शक्य आहे. डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरावे. ते दुधट, गढूळ दिसले तर मेण धरले आहे किंवा पाणी मिसळले आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवल्यावर ते स्वच्छ झाले तर मेण होते असे समजावे. तळाशी थेंब जमले तर पाणी. मेणाच्या डिझेलला ऊन लागू द्यावे, ताजे डिझेल मिळवावे. पाणी मिसळले असेल तर ते टाकीच्या तळातून काढून टाकावे.

आता प्रत्यक्ष पहाट. पहिले काम पट्टा उतरवण्याचे. लाकूडफोड्या यंत्राचा हायड्रॉलिक पंप पट्ट्याने इंजिनला जोडलेला असतो, आणि पट्टा चढवून हँडल मारले की इंजिनच्या तेलासोबत पंपातले घट्ट तेलही हातालाच ओढावे लागते. शेजारी मोकळी पुली असेल तर पट्टा तिच्यावर सरकवावा, नसेल तर सरळ काढावा. ही दोन मिनिटे वाचवणारे पुढे वीस घालवतात. मग तेलकाडी बघावी, टाकी बघावी, पाणी बघावे. विहिरीवर असताना इंजिन पंपाच्याच पाण्याने गार होत असे. लाकडाच्या आवारात ते पाणी नसते, म्हणून २०० लिटरचा ड्रम उंचावर ठेवून खालची नळी इंजिनच्या खालच्या तोंडाला आणि हेडमधून निघणारी नळी ड्रमच्या वरच्या भागात जोडतात. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडापेक्षा वर हवी, नाहीतर तापलेले पाणी फिरतच नाही.

लोखंड कोमट करण्याचा सर्वांत सोपा आणि निर्धोक मार्ग हाच पाण्याचा. ड्रमची तोटी बंद करून सिलिंडरभोवतीचे थंड पाणी खालून सोडून द्यावे आणि बंबातले आंघोळीइतके ऊन पाणी वरून ओतावे. पाच मिनिटे थांबून ते काढावे, पुन्हा ओतावे. दोन वेळा केले की सिलिंडरवर हात ठेवल्यावर गारवा लागत नाही. उकळते पाणी कधीही ओतू नये. ओतीव लोखंडाला एकदम ताप सोसत नाही, तडा जातो, आणि तडकलेला ब्लॉक म्हणजे इंजिन गेले. सुरू करण्यापूर्वी ड्रमची तोटी उघडायची आठवण मात्र ठेवावी.

यानंतर डिकॉम्प्रेशनची मूठ उचलून ठेवावी. ती उचलली की व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि चाक हलके फिरते. या हलक्या अवस्थेत १५-२० फेरे सावकाश फिरवावेत. तेवढ्यात बेअरिंगांना तेल पोचते, रिंगा मोकळ्या होतात, आणि कान देऊन ऐकले तर दर दोन फेऱ्यांनी नोझल 'कर्र' करून बोलतो. हा आवाज शिकणाऱ्याने नीट ओळखून ठेवावा. नोझल बोलत असेल तर डिझेल आत पडते आहे आणि अडचण थंडीची आहे. तो मुका असेल तर कितीही हँडल मारले तरी व्यर्थ. पाइपात हवा धरली आहे किंवा गाळणी तुंबली आहे. गाळणीवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे, स्क्रू आवळावा, मग इंधनपंपाकडे, मग नोझलच्या नटाकडे, याच क्रमाने हवा काढावी.

नोझल बोलू लागला की खरी सुरुवात. हँडलवर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीभोवती वळवू नये. इंजिन उलटे फिरले तर हँडल झटक्याने मागे येते. अंगठा पलीकडे असेल तर तो आणि मनगट दोन्ही जातात, एकाच बाजूला असेल तर मूठ आपोआप सुटते. पाय पसरून, चाकाच्या रेषेतून बाजूला उभे राहावे. वेग चढता ठेवत जावे, आणि हात सर्वांत वेगात असताना डिकॉम्प्रेशनची मूठ खाली टाकावी. टाकल्यावर हात ढिला सोडू नये. त्या पहिल्या दाबातून चाक पार करून द्यायचे असते. इंजिन धरले की हँडल आपोआप खाचेतून सुटते. त्यासाठी खाच आणि दांडा आधीच पुसून थोडे ग्रीस लावलेले हवे. हँडल शाफ्टवर अडकून गरगर फिरू लागले तर ते पकडायला कोणीही जाऊ नये. बाजूला होऊन इंधनाचा लिव्हर बंद करावा आणि चाक पूर्ण थांबू द्यावे.

चार प्रयत्नांत फुटले नाही तर धुराकडे बघावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पडते आहे, वाफ होते आहे, पण पेटण्याइतकी उष्णता नाही. पुन्हा ऊन पाणी हा उपाय. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. सुरू झाल्यावरही काळा धूर निघत राहिला तर हवेची गाळणी कोंदली आहे किंवा ओझे लवकर टाकले आहे. मधूनमधून डिकॉम्प्रेशन उचलून काही फेरे मोकळे फिरवावेत, म्हणजे आत साठलेले न जळलेले डिझेल निघून जाते. आणि दम खावा. थकलेला हात चाकाला वेग देत नाही आणि झटका आला तर सावरतही नाही.

झिजलेल्या इंजिनाला एक जुना उपाय लागू पडतो: हवेच्या वाटेने इंजिन ऑइलचे काही थेंब आत सोडणे. रिंगांच्या फटी तेलाने भरतात आणि दाब टिकतो. जुन्या धाटणीच्या काही इंजिनांवर यासाठी छोटी वाटीच दिलेली असते. थेंब म्हणजे थेंबच. तेल जास्त गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, किंवा तेच इंधन होऊन इंजिन बेफाम पळते. पळालेले इंजिन लिव्हरने थांबत नाही, त्याची हवाच बंद करावी लागते. म्हणून हवेच्या तोंडावर बसेल एवढी सपाट फळी इंजिनशेजारी कायम असावी.

डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी पेटवून हवेच्या तोंडाशी धरणे, तेलपेटीखाली जाळ करणे, ईथरचा फवारा मारणे हे तिन्ही प्रकार लाकडाच्या आवारात निषिद्ध मानावेत. पायाखाली ढलप्या, भुसा, वाळकी साल असते आणि शेजारी पऱ्हाटीची गंजी. जळता धागा आत ओढला गेला तर व्हॉल्व्ह बिघडतो, बाहेर पडला तर आवार पेटते. ईथर डिझेलच्या फार आधी पेटते, त्यामुळे पिस्टन वर येत असतानाच धक्का बसतो आणि हातहँडलच्या इंजिनात तो धक्का सरळ माणसाच्या हातात येतो. चार माणसे अनुभवाने सांगतात म्हणून हे करू नये. त्यांचे अनेकदा निभावले, एवढाच त्याचा अर्थ.

सेल्फ स्टार्टच्या इंजिनात बॅटरी थंडीने मंद होते. तिची टोके घासून स्वच्छ ठेवावीत, सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त दाबू नये. हीटर प्लग असेल तर तो आधी पुरेसा तापू द्यावा. एवढे त्यांच्यासाठी पुरे.

इंजिन धरले की लगेच पट्टा चढवायची घाई होते. पाच-सात मिनिटे ते मोकळे चालू द्यावे. मग इंजिन बंद करून पट्टा चढवावा आणि ताप उतरण्याआधी पुन्हा सुरू करावे. आता ते एका प्रयत्नात धरते. मोकळी पुली असेल तर बंद करण्याचीही गरज नाही. चालत्या पट्ट्याला हात लावणे कोणत्याही कारणाने चालत नाही, आणि थंडीत तर एक वेगळाच धोका असतो. माणसे मफलर, शाल, दुपट्टा, घोंगडी गुंडाळून कामाला येतात. दुपट्ट्याचे एक टोक पट्ट्यात गेले की माणूस सोडवायला वेळ मिळत नाही. थंडी वाजत असेल तर अंगाला घट्ट स्वेटर घालावा, लोंबते काही नको. थंडीपासून आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून इंजिन बंद गोदामात चालवणेही तितकेच घातक. त्याच्या धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही.

हायड्रॉलिकलाही त्याची थंडी असते. ६८ नंबरचे तेल ४० अंशांवर जेवढे पातळ असते, त्याच्या पाच-सहा पट घट्ट ते १० अंशांवर असते. पंप ते पुरेसे ओढू शकत नाही, आत पोकळ्या तयार होतात आणि फुटतात, आणि पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. हा आवाज चालू असताना लाकूड लावले तर पंपाचे दात खाल्ले जातात. सिलिंडरचा दांडा रिकामाच पाच-सहा वेळा पुढेमागे करावा. आवाज जातो, दांड्याची चाल सरळ होते. पुस्तिकेत परवानगी असेल तर हिवाळ्यापुरते ४६ नंबरचे तेल बरे.

१०० मिलिमीटर व्यासाच्या हायड्रॉलिक सिलिंडरात १५० बारचा दाब आला की पाचरीवर सुमारे १२ टनांचा रेटा येतो. पाच अश्वशक्तीवर हा रेटा सावकाश येतो, आणि सावकाश असणेच चांगले. ओंडके ३५ ते ४० सेंटिमीटर लांबीचे, दोन्ही टोके सरळ कापलेले असावेत. तिरक्या टोकाचा ओंडका दाबाखाली उसळतो. ओली बाभूळ सरळ चिरते. तीच उन्हाने वाळली की लोखंड होते, म्हणून धुऱ्यावरची बाभूळ पडली की आठवड्याभरात फोडावी. कडुनिंबाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, तो मधोमध चिरायच्या फंदात पडू नये. कडेकडेने ढलप्या काढत आत जावे. धावडा तर कुऱ्हाडीच्या दांड्याचे लाकूड, यंत्रालाही दम काढतो. गाठीचा ओंडका गाठ पाचरीपासून दूरच्या टोकाला येईल असा ठेवावा, म्हणजे चीर सरळ धाग्यातून सुरू होते आणि गाठीला पोचेपर्यंत लाकूड उघडलेले असते. तरीही दांडा अडला आणि दाबमोकळीचा व्हॉल्व्ह शिट्टी वाजवू लागला, तर दोन सेकंदांत दांडा चालवणारा लिव्हर सोडावा आणि ओंडका फिरवून लावावा. धरून ठेवल्याने तेल तापते, लाकूड फुटत नाही. तो व्हॉल्व्ह आवळून जोर वाढवणे म्हणजे नळी फाटण्याची तयारी करणे होय.

लिव्हर एकाच माणसाच्या हातात असावा, आणि ओंडका ठेवणाराही तोच. एक धरतो आणि दुसरा दाबतो या पद्धतीत बोटे जातात, कारण 'थांब' हा शब्द इंजिनच्या आवाजात ऐकू जात नाही. नळीतून तेल झिरपत असेल तर बोटाने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघावे. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणीएवढे भोक दिसते आणि आतून हात सडू लागतो. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच तासात दवाखाना गाठावा.

लाकूड कुठून आले हेही पाहावे लागते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली सागवान, मोह, आंबा, चिंच अशी झाडे स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. त्याच इंजिनवर पुढेमागे गोल आरा बसवण्याचा मोह होतो. आरागिरणीचा परवाना ही वेगळी आणि कडक बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून ती अधिकच कडक झाली. यवतमाळ, पांढरकवडा किंवा पुसद, ज्या वनविभागात गाव येते तिथे आधी विचारून घ्यावे.

जानेवारीत फोडलेले लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, वारा खेळेल असे रचले की इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात पुरते वाळते. ओले लाकूड बंबात घातले तर त्याची बरीचशी उष्णता स्वतःचे पाणी उकळण्यातच जाते आणि घर धुराने भरते. म्हणून या हिवाळ्यात फोडायचे ते पुढच्या हिवाळ्यासाठी.

संध्याकाळी काम थांबले की दांडा पूर्ण मागे घ्यावा, म्हणजे त्याचा चकचकीत भाग रात्रीच्या दवात उघडा राहत नाही. इंजिन पाच मिनिटे मोकळे चालवून बंद करावे. डिकॉम्प्रेशनने बंद करू नये, इंधनाच्या लिव्हरनेच करावे. टाकी काठोकाठ भरावी. रिकाम्या जागेतली ओल पहाटे टाकीच्या पत्र्यावर पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते. चाक हाताने फिरवून दाब जाणवेल त्या जागी सोडावे, तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ओल आत जात नाही. सायलेन्सरवर डबा पालथा घालावा, इंजिन गार झाल्यावर त्यावर जाड पोते टाकावे, पट्टा उतरवून ठेवावा, आणि हँडल पुसून घरात न्यावे.